विश्लेषण : वृत्तपत्रांच्या बातमीदारांना ब्लॉग लिहायला का शिकावे लागते? ‘लाइव्ह ब्लॉग’मुळे बातमीत नेमके काय बदलले?

मिनिटामिनिटाला बदलणारी बातमी छापील अंकाच्या सवयीने लिहिता येत नाही. ती लिहायची कशी, चुकली तर दुरुस्त कशी करायची आणि त्या चुकीची जबाबदारी कोणाची, हे सगळे वृत्तपत्रांतले पत्रकार नव्याने शिकत आहेत. या शिक्षणाची गोष्ट न्यू ऑर्लिन्सच्या पुरापासून मराठी फॉन्टपर्यंत जाते.

११ नोव्हेंबर २०२५ च्या सकाळी अभिनेते धर्मेंद्र यांचे निधन झाल्याची बातमी अनेक संकेतस्थळांवर आणि वाहिन्यांवर झळकली. धर्मेंद्र तेव्हा मुंबईतील ब्रीच कँडी रुग्णालयात उपचार घेत होते. थोड्याच वेळात मुलगी ईशा देओल आणि पत्नी हेमा मालिनी यांनी समाजमाध्यमांवरून ही बातमी खोटी असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र यांना घरी सोडण्यात आले. त्यांचे निधन झाले ते २४ नोव्हेंबरला.

यातली एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. बातमी पसरली सकाळी. छापील अंकाची पाने लागतात रात्री. म्हणजे पुष्टी करायला छापील अंकाकडे पुरता दिवस होता, तर त्याच इमारतीतल्या डिजिटल विभागाकडे काही मिनिटे. बातमीदार तोच असू शकतो, त्याचा स्रोतही तोच. बदलला तो फक्त ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबण्याचा क्षण. गेल्या पंचवीसेक वर्षांत वृत्तपत्रांच्या पत्रकारांनी ब्लॉग लिहिणे शिकले, म्हणजे मुख्यत्वे या क्षणाशी झुंजणे शिकले.

ब्लॉग म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘ब्लॉग’ म्हटले की प्रवासवर्णन, पाककृती किंवा कुणाचे तरी मनोगत डोळ्यांपुढे येते. शब्दाचे मूळ मात्र वेगळे आहे. लॉग म्हणजे जहाजावरची नोंदवही. किती वाजता वारा फिरला, किती वाजता किनारा दिसला, याच्या वेळेसह केलेल्या नोंदी. इंटरनेटवरच्या अशा नोंदवहीला १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी ‘वेबलॉग’ म्हटले आणि दोन वर्षांनी पीटर मरहोल्झ यांनी गमतीने त्या शब्दाची फोड बदलून ‘ब्लॉग’ केला. १९९९ मध्येच ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि कोणतेही प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही स्वतःचे पान काढता येऊ लागले. २००३ मध्ये ही सेवा गुगलने विकत घेतली.

गुन्हेवार्ता करणाऱ्या बातमीदाराला ही कल्पना समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. पोलीस ठाण्यातली स्टेशन डायरी त्याने पाहिलेली असते. वेळ, घटना, नोंद करणारा. लाइव्ह ब्लॉग बहुतांशी तेच आहे. फरक इतकाच की ही डायरी लिहिली जात असतानाच हजारो लोक ती वाचत असतात.

वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर ब्लॉगच्या रूपात ताज्या घटनेचे वार्तांकन पहिल्यांदा झाले ते ऑगस्ट १९९८ मध्ये, असे मानले जाते. अमेरिकेतील ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ने ‘बॉनी’ चक्रीवादळाच्या नोंदी वेळेनुसार दिल्या होत्या. तरीही पुढची काही वर्षे बहुतेक वृत्तसंपादकांच्या लेखी ब्लॉग हा हौशी लोकांचा उद्योग होता. तो समज मोडला २००५ मध्ये.

न्यू ऑर्लिन्समध्ये काय घडले?

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ चक्रीवादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचे पूररक्षक बांध फुटले. तिथल्या ‘द टाइम्स-पिकायून’ या दैनिकाच्या इमारतीभोवती पाणी चढू लागले आणि ३० ऑगस्टच्या सकाळी कर्मचाऱ्यांना वृत्तपत्र वाटपाच्या ट्रकमधून बाहेर पडावे लागले. छपाई बंद. सलग तीन दिवस हे वृत्तपत्र फक्त इंटरनेटवर निघाले. छापील अंक परत आला तो २ सप्टेंबरला, दुसऱ्या गावातल्या छापखान्यातून.

त्या तीन दिवसांत बातमीदारांनी जे लिहिले ते ‘नोला डॉट कॉम’ या संकेतस्थळाच्या ब्लॉगवर गेले. अमुक भागात पाणी किती, कोणता पूल शाबूत आहे, कुठे माणसे छपरांवर अडकली आहेत. शहर सोडून गेलेले लोक दुसऱ्या राज्यांतून ते वाचत होते. अडकलेल्या नातेवाइकांचे पत्ते तिथेच कळवले जात होते आणि बचाव पथकेही तिथली माहिती वापरत होती. ज्या वाचकाच्या दारात अंक पडणे शक्यच नव्हते, त्याला वृत्तपत्राचा इतका उपयोग कदाचित आधी कधी झाला नसेल. २००६ मध्ये या दैनिकाला दोन पुलित्झर पुरस्कार मिळाले. लोकसेवेचा पुरस्कार मिसिसिपीतील ‘सन हेराल्ड’सोबत विभागून, आणि ताज्या बातमीच्या वार्तांकनाचा स्वतंत्र.

मुंबईकरांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. ‘कॅटरिना’च्या जेमतेम महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. वीज गेली, फोन बंद पडले, लोक रात्रभर कार्यालयांत, बसमध्ये, रेल्वे स्थानकांत अडकले. घरी पोहोचता येईल का, हा त्या संध्याकाळचा एकमेव प्रश्न होता आणि त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात मिळून उपयोग नव्हता. स्मार्टफोन नसल्याच्या त्या काळात अडकलेल्या माणसाने ब्लॉग वाचला असता कुठे, हा भाग वेगळा. आता मात्र जुलैतल्या कोणत्याही मुसळधार दिवशी मराठी संकेतस्थळांवर पहाटेपासून पावसाचा लाइव्ह ब्लॉग सुरू झालेला असतो.

बातमी आणि लाइव्ह ब्लॉग यांच्या लिखाणात फरक काय?

वृत्तपत्रात नव्याने आलेल्याला ‘उलटा पिरॅमिड’ शिकवला जातो. सर्वांत महत्त्वाचे आधी, मग तपशील, शेवटी पार्श्वभूमी. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापत जातो आणि बातमीला धक्का लागत नाही. पानाची जागा मोजकी असते म्हणून ही रचना आली.

लाइव्ह ब्लॉगमध्ये जागा अमर्याद, पण वाचक कधी येईल याचा भरवसा नाही. सकाळी नऊला आलेला आणि दुपारी दोनला आलेला वाचक वेगळा. त्यामुळे प्रत्येक नोंद स्वतःच्या पायावर उभी राहावी लागते. ‘वरील घटनेनंतर’, ‘त्यांनी’, ‘दरम्यान’ अशा शब्दांवर नोंद सुरू करता येत नाही, कारण वाचकाने वरचे किंवा खालचे काहीच वाचलेले नसते.

उदाहरणादाखल पावसाचीच बातमी घेऊ. छापील अंकात ती अशी सुरू होईल : ‘मुंबई व उपनगरांत सोमवारी पहाटेपासून कोसळलेल्या मुसळधार पावसाने जनजीवन विस्कळीत झाले.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या ठाकठीक आहे. पण दादरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काहीही कळत नाही. त्याला हवी असलेली नोंद अशी असेल : ‘सकाळी ८.४० : शीव-माटुंगादरम्यान रुळांवर पाणी. सीएसएमटीकडे जाणाऱ्या धीम्या गाड्या थांबल्या. जलद मार्ग सुरू, गाड्या २० मिनिटे उशिरा.’ स्थळ, वेळ, दिशा, पर्याय. ‘जनजीवन विस्कळीत’ झाल्याचे त्याला सांगावे लागत नाही, तो त्यातच उभा आहे.

मराठी वृत्तपत्री भाषेतली आणखी काही जुनी वाक्ये या प्रकारात आपोआप गळतात. ‘यावेळी मान्यवर उपस्थित होते’ ही त्यातली पहिली. ‘सूत्रांनी सांगितले’ हीदेखील गळायला हवी होती. ती मात्र टिकून आहे.

पानाच्या माथ्यावर चार-पाच ओळींचा ‘आतापर्यंत काय घडले’ असा मजकूर अडकवून ठेवणे आणि तो दर अर्ध्या तासाने नव्याने लिहिणे, हे या प्रकारातले सर्वांत अवघड काम. नोंदी कोणीही टाकू शकतो. तीस नोंदींमधून कोणत्या चार उरतात हे ठरवायला मुरलेला उपसंपादक लागतो. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने क्रिकेट आणि फुटबॉल सामन्यांच्या मिनिटागणिक वार्तांकनातून ही पद्धत घडवली आणि पुढे राजकारणाला लावली. त्या वृत्तपत्राच्या लाइव्ह ब्लॉगचा अभ्यास केलेल्या लंडनच्या संशोधकांना २०१३ मध्ये आढळले होते की, त्याच विषयावरच्या नेहमीच्या बातमीपेक्षा लाइव्ह ब्लॉग कितीतरी जास्त वाचला जातो. लोक तो कार्यालयात, कामाच्या मधल्या वेळात वाचतात, हेही त्यांनी नोंदवले.

मराठीत अडचण कोठे होती?

इंग्रजी पत्रकाराला ब्लॉगसाठी लिहिण्याची पद्धत बदलावी लागली. मराठी पत्रकाराला त्याआधी टायपिंग बदलावे लागले.

मराठी वृत्तपत्रे वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या संगणकप्रणालींवर निघत होती. या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. छपाईसाठी हे चालून जाते, कारण कागदाला फक्त आकार हवा असतो. इंटरनेटवर मात्र तो फॉन्ट नसलेल्या वाचकाला निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो आणि सर्च इंजिनलाही तेच दिसते. सुरुवातीच्या काळात प्रत्येक मराठी दैनिकाच्या संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा उतरवून घ्यावा लागे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. परदेशातल्या मराठी माणसाने आपल्या गावाचे नाव शोधले तर बातमी असूनही सापडत नसे.

युनिकोडने हा प्रश्न सोडवला. त्यात जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, फॉन्ट कोणताही असो. मराठीत हौशी ब्लॉगलेखक आणि ‘मनोगत’सारखी संकेतस्थळे युनिकोडकडे आधी वळली, वृत्तपत्रे मागाहून. पिढ्यान्‌पिढ्या एका कळफलकावर बोटे बसलेल्या उपसंपादकाला इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी टायपिंग शिकायला लावणे सोपे नव्हते. आजही अनेक ठिकाणी छापील पानासाठी एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला जातो आणि रफार, अर्धा ‘र’, ऱ्हस्व वेलांटी यांच्यावर हमखास गदा येते. दहा मिनिटांत नोंद टाकायची असेल तर या फेरीला वेळ नसतो, म्हणून लाइव्ह ब्लॉग लिहिणारा थेट युनिकोडमध्येच लिहितो.

एक छोटी तांत्रिक गंमत. बातमीच्या वेबपत्त्यात देवनागरी वापरली की प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन रोमन अक्षरांत लिहिला जातो. ‘मुंबई’ या छोट्या शब्दात पाच चिन्हे आहेत. वेबपत्त्यात त्याची ४५ अक्षरे होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली मराठी लिंक कधी कधी अर्धा पडदा व्यापते ती यामुळे, आणि बहुतेक मराठी संकेतस्थळे पत्ता रोमन लिपीत ठेवतात तेही यामुळेच.

घाई नेमकी कोठे नडते?

निवडणूक निकालाचा दिवस हे याचे उत्तम उदाहरण. मतमोजणी सकाळी आठला टपाली मतांपासून सुरू होते. मतदान यंत्रांची मोजणी अर्ध्या तासाने. म्हणजे सव्वाआठला ‘अमुक पक्षाची मुसंडी’ असे जे लिहिले जाते ते जवळपास पूर्णपणे टपाली मतांवर असते. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी हरियाणात सकाळच्या कलांत काँग्रेस स्पष्ट पुढे होती. जल्लोष सुरू झाला, जिलेब्या वाटल्या गेल्या. दिवस संपला तेव्हा ९० पैकी ४८ जागा भाजपच्या होत्या आणि ३७ काँग्रेसच्या. त्या सकाळच्या नोंदी खोट्या नव्हत्या. ‘आघाडी’ आणि ‘विजय’ यातला फरक, आणि किती फेऱ्या बाकी आहेत हा आकडा, एवढे प्रत्येक नोंदीत असते तर वाचकाची फसगत झाली नसती.

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’नंतरच्या रात्री याहून गंभीर प्रकार घडला. भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याच्या बातम्या काही वृत्तवाहिन्यांनी चालवल्या. असा हल्ला झालाच नव्हता. युद्धसदृश परिस्थितीत, सीमेलगतच्या गावांत दिवे बंद करून बसलेल्या लोकांपर्यंत या बातम्या पोहोचत होत्या.

चांगल्या नोंदीचीही किंमत असते, हे ब्रिटनमध्ये दिसले. सप्टेंबर २००७ मध्ये ‘बीबीसी’चे अर्थविषयक संपादक रॉबर्ट पेस्टन यांनी ‘नॉर्दर्न रॉक’ बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितल्याची बातमी फोडली. बातमी खरी होती. दुसऱ्या दिवशी बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. माध्यमांनी संकट वाढवले का, याची चौकशी पुढे ब्रिटिश संसदेच्या समितीने केली आणि पेस्टन यांनाही तिथे प्रश्नांना सामोरे जावे लागले.

चुकलेली नोंद पुसायची की ठेवायची?

छापील अंकात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात दुरुस्ती छापली जाते. ब्लॉगमध्ये चूक गुपचूप पुसता येते आणि नेमकी तीच सवय घातक आहे. कारण वाचकाने तोवर स्क्रीनशॉट काढलेला असतो. मथळा बदलला तरी वेबपत्त्यातले जुने शब्द अनेकदा तसेच राहतात. धर्मेंद्र यांच्याबाबत दुरुस्ती झाल्यानंतरही चुकीच्या मथळ्याचे स्क्रीनशॉट फिरतच होते.

म्हणून जबाबदार संकेतस्थळे चूक उघड दाखवतात. जुन्या नोंदीच्या जागी ‘११.१५ ची नोंद चुकीची होती, ती मागे घेत आहोत. कारण असे’ अशी नवी नोंद वेळेसह येते. ‘दावा’, ‘पुष्टी नाही’ आणि ‘अधिकृत’ असे तीन स्तर नोंदीतच लिहिण्याची पद्धतही रुळते आहे. संपादकांना आधी हे नामुष्कीचे वाटे. भारतीय भाषांत ही शिस्त अजून तुरळकच दिसते, हे मान्य करावे लागेल.

कायदा काय सांगतो?

इथे एक विचित्र स्थिती आहे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मध्ये ‘बातम्या आणि चालू घडामोडींचा प्रकाशक’ या व्याख्येतून छापील वृत्तपत्र आणि त्याची हुबेहूब प्रत असलेला ई-पेपर वगळलेले आहेत. पण त्याच वृत्तपत्राचे संकेतस्थळ नियमांच्या कक्षेत येते, असे माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे एकच मजकूर ई-पेपरमध्ये एका चौकटीत आणि लाइव्ह ब्लॉगमध्ये दुसऱ्या.

या नियमांनुसार वाचकाच्या तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. त्यावर स्वनियमन संस्था आणि सर्वांत वर सरकारी देखरेख, अशी तीन पायऱ्यांची रचना आहे. आचारसंहिता पाळणे बंधनकारक करणाऱ्या ९(१) आणि ९(३) या उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. बदनामीचा कायदा मात्र कागद आणि पडदा असा भेद करत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, नोंद दोन ओळींची असली तरी.

व्यक्तिगत, अव्यावसायिक ब्लॉग लिहिणारा या प्रकाशकांच्या व्याख्येत येत नाही. पण पत्रकाराने नोकरीबाहेर स्वतःच्या ब्लॉगवर आपल्याच क्षेत्राबद्दल लिहिले तर ते ‘व्यक्तिगत’ की ‘व्यावसायिक’? त्यातून पैसे मिळत असतील तर? याचे सरळ उत्तर नियमांत नाही.

हे सारे कोणाच्या फायद्याचे?

लाइव्ह ब्लॉगकडे वृत्तपत्रे वळण्यामागे पैशाचे कारण आहेच. गुगलवर प्रश्न विचारला की आता कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर वरच मिळते. भारतात ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधील वापराची पाहणी केली तेव्हा असे उत्तर दिसल्यावर ८ टक्के वेळाच लोकांनी एखाद्या लिंकवर क्लिक केल्याचे आढळले. ते नसताना हे प्रमाण १५ टक्के होते. ‘अमुक म्हणजे काय’ छापाचे लेख त्यामुळे संकटात आहेत (हा लेखही त्याच जातकुळीतला). दोन मिनिटांपूर्वी काय घडले याचा सारांश देण्यासाठी मात्र आधी कोणीतरी ते तिथे उभे राहून लिहावे लागते.

ते लिहिणाऱ्याचे काय होते, याचे उत्तर पुन्हा न्यू ऑर्लिन्समध्ये सापडते. ब्लॉगच्या जोरावर तगलेल्या ‘टाइम्स-पिकायून’ने २०१२ मध्ये ‘डिजिटल’ला प्राधान्य देत छापील अंक आठवड्यातून तीन दिवसांवर आणला आणि सुमारे २०० जणांना कमी केले. २०१९ मध्ये प्रतिस्पर्धी वृत्तपत्राने ते विकत घेतले, तेव्हा उरलेल्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्याही गेल्या.

भारतात श्रमिक पत्रकारांसाठीचा १९५५ चा कायदा छापील वृत्तपत्रांपुरता होता. सलग चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम नको, ही मर्यादा त्यातलीच. डिजिटल विभागात पहाटे पाचला लाइव्ह ब्लॉग उघडणाऱ्या पत्रकाराला त्या कायद्याचा आधार घेणे अवघड होते, विशेषतः त्याची नेमणूक समूहाच्या वेगळ्या कंपनीत असेल तर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ‘श्रमिक पत्रकार’ या व्याख्येत डिजिटल माध्यमांत काम करणाऱ्यांचा समावेश झाला. पहाटेच्या पाळीचा तास आता कायद्याने मोजता येईल. तो हजेरीपटावर कसा लिहिला जातो, हे प्रत्येक कार्यालयात वेगवेगळे दिसेल.